खेळाच्या डब्यातला सिनेमा

१५ नोव्हेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत पहिला एक्सबॉक्स विकायला काढला. त्यात डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण सिनेमाची डीव्हीडी घातली तर सिनेमा लागत नसे. ज्याला सिनेमा हवा त्याने तीस डॉलरचा वेगळा रिमोट घ्यायचा, त्यासोबतचा छोटा रिसीव्हर कंट्रोलरच्या खाचेत बसवायचा आणि मगच सिनेमा पाहायचा. डीव्हीडी तंत्राच्या परवान्याचे पैसे असतात. ते प्रत्येक यंत्रामागे भरण्यापेक्षा रिमोटच्या किमतीत घालणं कंपनीला परवडणारं होतं.

यंत्राच्या अंगात काय काय आहे आणि त्यातलं किती वापरायची मुभा त्याच्या मालकाला आहे, यातलं अंतर त्या रिमोटने पहिल्याच दिवशी दाखवून दिलं. गेम कन्सोल घरातला सिनेमाचा डबा कसा झाला, याची पुढची सगळी हकिकत या अंतराभोवती फिरते.

सुरुवात खरं तर सोनीने केली होती. ४ मार्च २००० ला जपानमध्ये प्लेस्टेशन २ आलं, किंमत ३९,८०० येन. पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुमारे १० लाख यंत्रं विकली गेली. ते डीव्हीडी थेट वाजवत असे, आणि चांगला डीव्हीडी प्लेयर त्या काळी स्वस्त नव्हता. मुलांच्या खेळासाठी घेतलेला डबा रात्री सगळं घर वापरू लागलं. पण प्लेस्टेशन २ तबकडीशी बांधलेलं होतं. तबकडी काढून घेतली की त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही उरत नसे.

एक्सबॉक्सची जात वेगळी होती. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेलचा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, ८ जीबीची हार्ड डिस्क, आणि मागच्या बाजूला इथरनेटची वायर लावायला पोर्ट. म्हणजे तो टीव्हीला जोडलेला, कुलूप घातलेला एक संगणकच होता. कुलूप होतं, म्हणून ते उघडायचे प्रयत्नही लगेच सुरू झाले. एमआयटीत संशोधन करणाऱ्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांनी आतल्या चिप एकमेकींशी ज्या मार्गिकेवरून बोलतात तिथे स्वतः बनवलेलं सर्किट लावून, वाहत्या माहितीतून गुप्त किल्ली टिपली. २००२ मध्ये त्यांनी त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी या कामावरच्या त्यांच्या पुस्तकातून मूळ प्रकाशकाने अंग काढून घेतलं, तेव्हा हुआंग यांनी ते आधी स्वतःच छापून विकलं. दरम्यान मदरबोर्डवर डाग देऊन बसवायच्या चिपा बाजारात आल्या होत्या. २००३ मध्ये तर एका जेम्स बाँड गेमच्या सेव्ह फाइलमधली फट वापरून, यंत्र न उघडताही कुलूप काढता येऊ लागलं.

कुलूप निघाल्यावर काय करायचं, याची दोन उत्तरं लोकांनी शोधली. काहींनी गेमच्या चोरट्या प्रती चालवल्या, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण वेगवेगळ्या देशांतल्या हौशी प्रोग्रामरांच्या एका गटाने त्या डब्यात सिनेमा, गाणी आणि फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. २००२ मध्ये ‘एक्सबॉक्स मीडिया प्लेयर’ आला, त्यातून ‘एक्सबॉक्स मीडिया सेंटर’ म्हणजे एक्सबीएमसी उभं राहिलं आणि २९ जून २००४ ला त्याची १.० आवृत्ती बाहेर पडली.

त्याचं मोल कळायला त्या वेळचं घर आठवावं लागतं. संगणक आतल्या खोलीत टेबलावर, टीव्ही हॉलमध्ये. संगणकात साठवलेला सिनेमा सगळ्यांनी मिळून पाहायचा तर तो सीडीवर ‘राइट’ करायचा, आणि प्लेयर ती सीडी घेतो का ते पाहायचं. एक्सबीएमसीने मधली सीडीच काढून टाकली. विंडोजमध्ये एक फोल्डर शेअर करून ठेवायचा, एक्सबॉक्सला वायरने त्याच नेटवर्कवर आणायचं, बस. संगणक फक्त फाइलचे तुकडे पाठवत राही. ते उलगडून चित्र आणि आवाज करायचं काम ६४ एमबीच्या त्या डब्यात होत असे. सिनेमे दाबून छोट्या फाइलीत ठेवायच्या डिव्हएक्स आणि एक्सव्हिड या दोन्ही पद्धती चालत असत, सबटायटलं वेगळ्या फाइलमधून उचलली जात. गाणी होती, फोटोंचे अल्बम होते, हवामानही होतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले छोटे प्रोग्राम कोणीही त्यात जोडू शकत असे. आणि हे सगळं सोफ्यावर बसून चालवायला तोच तीस डॉलरचा रिमोट पुरत असे.

या कामाला एक विचित्र अडचण होती. प्रोग्राम चालवण्याजोगा तयार करायला मायक्रोसॉफ्टचं विकसकांसाठीचं किट लागे, आणि परवान्याविना त्यातून तयार झालेली प्रत वाटणं बेकायदा होतं. म्हणून गट अधिकृतपणे फक्त मूळ कोड प्रसिद्ध करत असे. तयार प्रती इतरांच्या हातून फिरत. बिनपगारी माणसांनी, विकता येणार नाही आणि उघडपणे वाटताही येणार नाही अशी वस्तू वर्षानुवर्षं घासूनपुसून नीट केली. घरच्या मनोरंजनाच्या इतिहासात एवढ्या निरपेक्ष कामाची उदाहरणं फार नाहीत.

मर्यादा यंत्राच्या होत्या. एचडीचे दिवस आले तशी त्या प्रोसेसरची दमछाक होऊ लागली, ७२० ओळींच्या चित्रापुढे तो जाईना. २००८ मध्ये एक्सबीएमसी लिनक्स, विंडोज आणि मॅकवर गेलं. त्याच वर्षी त्याची एक शाखा फुटून प्लेक्स नावाने वाढू लागली. २०१० मध्ये मुख्य प्रकल्पाने पहिल्या एक्सबॉक्सचा निरोप घेतला, आणि २०१४ मध्ये नावातला ‘एक्सबॉक्स’ही गेला. आज ते कोडी म्हणून ओळखलं जातं.

तोवर कंपन्यांनाही दिवाणखान्याचं महत्त्व पटलं होतं. नोव्हेंबर २००५ मधला एक्सबॉक्स ३६० विंडोज मीडिया सेंटर असलेल्या संगणकाशी जोडता येत असे. वर्षभराने आलेल्या प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे होता. त्याच वर्षी अमेरिकेत सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर ९९९ डॉलरला मिळत होता आणि प्लेस्टेशन ३ ची साधी आवृत्ती ४९९ ला. मायक्रोसॉफ्टने ब्लू-रेची स्पर्धक असलेल्या एचडी डीव्हीडीचा जोडडबा १९९ डॉलरला काढला. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडीतून माघार घेतली आणि तो जोडडबाही बंद पडला.

तबकड्यांच्या त्या लढाईवर पुष्कळ लिहिलं गेलं. घरोघरच्या वापरात मात्र २००७ मधल्या काही साध्या अपडेटांनी जास्त फरक पाडला. मे महिन्यात प्लेस्टेशन ३ ला डीएलएनए आलं, म्हणजे नेटवर्कवरच्या संगणकातले सिनेमे आणि गाणी ते स्वतः शोधू लागलं. ४ डिसेंबरला एक्सबॉक्स ३६० ने डिव्हएक्स आणि एक्सव्हिड वाजवायला सुरुवात केली, आणि दोनच आठवड्यांत, १८ डिसेंबरला, सोनीनेही डिव्हएक्स आणलं. हौशी लोकांनी तीन-चार वर्षांपूर्वी जे करून दाखवलं होतं, ते आता डब्यासोबत मिळू लागलं.

पूर्णपणे मात्र नाही. एमकेव्ही प्रकारची व्हिडिओ फाइल प्लेस्टेशन ३ ने कधीच थेट स्वीकारली नाही. यूएसबी डिस्क फॅट३२ पद्धतीचीच लागे, त्यामुळे ४ जीबीहून मोठी एचडी फाइल त्यावर ठेवता येत नसे. यावरही तोडगा लोकांनीच काढला. ‘पीएस३ मीडिया सर्व्हर’ नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर चालू ठेवायचा. कन्सोलला न कळणारी फाइल तो चालता चालता त्याला कळेल अशा रूपात बदलून पाठवत असे. दोन अनोळखी माणसांमध्ये बसून वाक्य संपायच्या आत भाषांतर करणाऱ्या दुभाष्यासारखं हे काम. संगणक कमी ताकदीचा असला की दुभाष्या मागे पडे आणि चित्र अडखळे. मग सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा दर्जा थोडा उतरवायचा आणि पुन्हा लावायचं.

१९ नोव्हेंबर २००८ ला चित्र पालटलं. एक्सबॉक्स ३६० वर अमेरिकेत नेटफ्लिक्स सुरू झालं आणि तीन महिन्यांत १० लाख सभासदांनी ते चालू केलं. नेटफ्लिक्सची वर्गणी वेगळी, आणि वर मायक्रोसॉफ्टच्या गोल्ड सभासदत्वाचे वर्षाला पन्नास डॉलर वेगळे. तीस डॉलरच्या रिमोटमधला हिशेब आता दरवर्षी येऊ लागला. प्लेस्टेशन ३ वर नेटफ्लिक्स २००९ मध्ये आलं, निन्टेन्डोच्या वी वर २०१० मध्ये. दोन्हीकडे सुरुवातीला टपालाने येणारी एक तबकडी यंत्रात घालावी लागे. सिनेमा इंटरनेटवरून येई, पण दार उघडायला तबकडी हवी. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये ती गरज संपली.

२०१२ मध्ये दोन बातम्या आल्या. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की अमेरिकेत एक्सबॉक्सवर ऑनलाइन खेळण्यापेक्षा पाहण्या-ऐकण्यात लोकांचा जास्त वेळ जातो. डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केलं की टीव्हीवर आपली सेवा पाहायला सर्वाधिक वापरलं जाणारं यंत्र प्लेस्टेशन ३ आहे. विशेष म्हणजे यातल्या कुठल्याच यंत्राच्या खोक्यावर ‘सिनेमाचं यंत्र’ असं लिहिलेलं नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने त्यातून काढलेला निष्कर्ष फसला. २१ मे २०१३ ला एक्सबॉक्स वन दाखवताना टीव्हीवर इतका भर होता की खेळणारे दुखावले. सेट-टॉप बॉक्स त्यातून जोडायचा, आवाजाने वाहिनी बदलायची, आणि किंमत ४९९ डॉलर. सोनीने प्लेस्टेशन ४ ची किंमत ३९९ ठेवली आणि खेळ पुढे केला. पण सोनीनेही कात्री लावली होतीच. प्लेस्टेशन ४ आलं तेव्हा डीएलएनए नव्हतं, एमपी३ नव्हतं, गाण्यांची साधी सीडीही वाजत नव्हती. आधीच्या यंत्राला जे येत होतं ते नव्याला येईना. मीडिया प्लेयर मिळायला जून २०१५ उजाडलं.

भारतात हा क्रम वेगळा होता. एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आला, प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना. पण नेटफ्लिक्स इथे ६ जानेवारी २०१६ ला सुरू झालं. म्हणजे न्यू जर्सीतल्या मराठी घरातला एक्सबॉक्स ज्या वर्षी नेटफ्लिक्स दाखवू लागला, त्यानंतर सात वर्षं पुण्यातल्या तशाच एक्सबॉक्सला संगणकातला फोल्डर किंवा पेन ड्राइव्ह यांचाच आधार होता. ज्या थोड्या घरांत कन्सोल होते, त्यांनी हेच शिकून घेतलं. इतर घरांत यूएसबीची खाच असलेल्या डीव्हीडी प्लेयरने ती गरज भागवली.

नेटफ्लिक्स भारतात पोचेपर्यंत स्वस्त पर्याय आलेले होते. २०१४ च्या जानेवारीत प्लेस्टेशन ४ इथे ३९,९९० रुपयांना आलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात टीव्हीला जोडायचं छोटं क्रोमकास्ट २,९९९ रुपयांना. विजेचाही प्रश्न होता. एनआरडीसी या अमेरिकी पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये मोजमाप करून दाखवलं, की नवे कन्सोल सिनेमा दाखवताना छोट्या स्ट्रीमिंग डब्यांच्या ३० ते ४५ पट वीज घेतात. भारनियमनाची वर्षं काढलेल्या महाराष्ट्रात हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. नुसत्या नेटफ्लिक्ससाठी कन्सोल चालू ठेवणं तेव्हापासून पटण्याजोगं राहिलं नाही.

घरच्या फोल्डरसाठी मात्र दार पुन्हा उघडलं. २०१४ च्या अखेरीस प्लेक्स एक्सबॉक्स वन आणि प्लेस्टेशन ४ वर आलं. डिसेंबर २०१७ मध्ये कोडी एक्सबॉक्स वनवर पोचलं, या वेळी मायक्रोसॉफ्टच्याच दुकानातून, रीतसर. पूर्वी ज्याची तयार प्रत वाटता येत नव्हती, त्याला आता त्याच कंपनीने जागा दिली होती. त्या जुन्या गटाला मिळालेली ही दाद उशिराची, पण खरी.

विकत घेतलेल्या डिजिटल सिनेमांचं याच काळात काय झालं, तेही पाहायला हवं. सोनीने ३१ ऑगस्ट २०२१ पासून प्लेस्टेशनच्या दुकानात सिनेमे विकणं थांबवलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या संग्रहातून स्टुडिओकॅनालचे शेकडो सिनेमे काढून टाकले गेले. पैसे मोजून घेतलेले होते, पण परवान्याचा करार संपला होता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत डिस्कव्हरीच्या मालिका अशाच जाणार होत्या. नवा करार झाल्याने त्या राहिल्या. मायक्रोसॉफ्टने १८ जुलै २०२५ ला आपल्या दुकानातली सिनेमा आणि मालिकांची नवी विक्री बंद केली. आधी घेतलेलं पाहता येईल, असं कंपनीने सांगितलं आहे.

त्याच एक्सबॉक्सवर कोडी अजून उतरवून घेता येतं. घरातल्या नेटवर्कचा पत्ता त्यात भरला की आतल्या खोलीतल्या डिस्कवरचे फोल्डर एकाखाली एक दिसू लागतात: मुलीच्या बारशाचं चित्रीकरण, आजोबांच्या आवाजातली जुनी कॅसेट फाइल करून ठेवलेली, आणि वीस वर्षांपूर्वी सीडीवरून उतरवलेले सिनेमे.