पहाटेचा अभ्यास आणि मुंबईचा सूर्य

नरकचतुर्दशीला साऱ्या महाराष्ट्रातली मुले फारशा हाका न मारता पहाटे उठतात. उटणे, सुगंधी तेल, फटाके आणि फराळाचे ताट एवढी सामग्री समोर मांडली म्हणजे कुंभकर्णसुद्धा डोळे उघडील. पण घरातली वडील मंडळी यातून भलताच निष्कर्ष काढतात. "बघा, मनात आणले की उठता येते! मग अभ्यासालाच का जमू नये?" आणि सुट्टी संपली रे संपली की साडेचारचा गजर लावण्याचे फर्मान सुटते. हा गजर आठ-दहा दिवस वाजतो. मुलगा उठतो, पुस्तक उघडतो आणि इतिहासाच्या पहिल्याच पानावर कपाळ टेकून पुन्हा निद्राधीन होतो. मग 'आळशी' हे विशेषण त्याला जन्माचे चिकटते.

मी मुंबईतल्या एका शाळेत सकाळच्या सत्रात सत्तावीस वर्षे शिकवले. पहिला तास सातला सुरू होई. तेव्हा या आळसाविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते. डुलक्या घेणारी मुले मी वर्षानुवर्षे समोर पाहिली. त्यांतली खरोखरीची आळशी फार थोडी. बाकीच्यांच्या दिवसाचे गणितच चुकलेले होते, आणि ते मांडले होते दुसऱ्यांनी.

आता गंमत पाहा. आपली सगळ्या देशाची वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली. मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे चालतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली स्वतःची 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ती काही केवळ हट्टापायी नव्हे. जानेवारीच्या मध्याला कोलकात्यात सव्वासहाच्या सुमारास सूर्य उगवतो, नागपुरात सातच्या आत. मुंबईत मात्र सव्वासात होतात. म्हणजे मी फळ्यावर तारीख लिहीत असे तेव्हा सूर्यनारायणांची हजेरी लागलेली नसे!

आजोबा मंडळी ब्राह्ममुहूर्ताचा दाखला देतात. द्यावा, अवश्य द्यावा. पण तो नीट वाचावा. ब्राह्ममुहूर्त म्हणजे सूर्योदयापूर्वीचे दोन मुहूर्त सोडून मागे गेले की सुरू होतो तो, आणि मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. हिशेब करा. जूनमध्ये मुंबईला सहाला उजाडते, तेव्हा तो साडेचारच्या आधी लागतो. जानेवारीत तोच पावणेसहाच्या जवळ येतो. आपल्या पूर्वजांनी मुहूर्त सूर्याला बांधला होता. घड्याळाच्या काट्याला तो आपण बांधला.

आणि सूर्य इथे उगाच आलेला नाही. आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते रोज मिळवले जाते ते मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने. त्या घड्याळाच्या आतली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडला की मेंदूतली एक चिमुकली ग्रंथी मेलॅटोनिन नावाचे द्रव्य सोडू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. तेरा-चौदाव्या वर्षापासून ही वर्दी तास-दोन तास उशिरा येऊ लागते. दहावीतला मुलगा दहा वाजता अंथरुणावर टक्क जागा असतो तो काही नेहमीच द्वाडपणाने नव्हे. त्यात हातात मोबाइल असला म्हणजे त्याच्या शरीराला रात्र झाल्याचे कळायचे तरी कसे?

या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असे डॉक्टर सांगतात. सातच्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्याने मग साडेनऊला झोपले पाहिजे. वाचकहो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी साडेनऊला दिवे मालवतात? वडील लोकलच्या गर्दीतून नऊला घरी पोचतात, त्यानंतर पाने मांडली जातात, एका खोलीत टीव्ही आणि त्याच खोलीत मुलाचे अंथरूण. त्या मुलाला पहाटे उठण्याचा उपदेश करणे म्हणजे रिकाम्या पिंपाला नळ लावून पाण्याची वाट पाहणे.

जगाला हे हळूहळू कळू लागले आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असे सांगितले. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो अमलात आणला. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. चांगले झाले. पण ज्यांचे घड्याळ खरोखर उशिराचे असते, ते आठवी-नववी-दहावीचे विद्यार्थी मात्र त्यातून सुटले!

ते होईल तेव्हा होवो. तोपर्यंत सातच्या शाळेतल्या मुलाने करावे काय? मी माझ्या वर्गाला जे सांगत असे त्यात मोठे गुपित नाही. सकाळ सुधारायची तर हात आदल्या रात्रीला घालावा. दप्तर, गणवेश, पाण्याची बाटली रात्रीच जागेवर. झोपण्यापूर्वी वीस मिनिटे एकच धडा वाचावा आणि मग दुसरे काही न पाहता निजावे. १९२४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता. पाठ केल्यावर लगेच झोपले तर विसरणे कमी होते आणि जागे राहिले तर अधिक, असे त्यात दिसले. पुढे अशाच तऱ्हेचे निष्कर्ष अनेकांनी काढले. म्हणजे रात्री वाचलेल्या धड्याची राखण झोप करते.

सकाळी उठल्यावर पुस्तक उघडायचे नाही. इथे मुले चमकत. एक कोरा कागद घ्यावा आणि रात्रीचा धडा आठवेल तेवढा लिहावा. अडले की थोडे डोके खाजवावे, मगच पुस्तकात पाहावे. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असे आठवून पाहिलेले आठवड्यानंतरही अधिक टिकते, हे २००६ साली दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर पडताळून पाहिले. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवीत, त्यात पुस्तक कुठे असे? पंधरा मिनिटांचा हा कागद साडेचारपासूनच्या दोन तासांच्या पेंगण्याला भारी पडतो. उजाडले असेल तर तो गॅलरीत किंवा गच्चीवर बसून लिहावा. घड्याळही आपोआप मिळवले जाते. पोटात काहीतरी जाऊ द्यावे. रात्रीच्या पोळीचा कुस्करा चालेल, नुसता चहा नको. आणि रविवारी अकरापर्यंत लोळू नये, तासाभराची सवलत पुष्कळ झाली. नाहीतर सोमवारचा गजर मध्यरात्री वाजल्यासारखा वाटतो.

एवढे सांगून मी निश्चिंत होत असे. पण एका वर्षी नववीत एक मुलगी आली. तल्लख, अक्षर मोत्यासारखे; पण पहिल्या तासाला रोज झोपे. रात्री दहाला निजतेस ना, विचारले तर हो म्हणे. मग उठतेस किती वाजता? "चारला, बाई. आमच्या नळाला सव्वाचारला पाणी येते." तिची रात्र सहा तासांची होती. तिचा जुळा भाऊ शेजारच्या तुकडीत होता, तो सहाला उठे. कोरा कागद त्याचा रोज भरलेला, हिचा कोराच.

मी चाळीत जाऊन आईला भेटले. बाई भली होती, चार घरची कामे करून दमलेली. "पाणी मुलींनीच भरायचे असते, बाई. त्याला दहावीला मार्क पाहिजेत ना?" दहावीला तर दोघेही एकदमच बसणार होती! मी वाद घातला नाही. दोघांचे चाचणीचे गुण एका कागदावर लिहून समोर ठेवले. मुलीचे गणिताचे गुण झोपेतसुद्धा भावाहून सात अधिक होते. आई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सोमवार, बुधवार, शुक्रवार तो भरील."

दुसऱ्या आठवड्यात बुधवारी त्या मुलीने पहिल्या तासाला दोनदा हात वर केला. मधल्या सुट्टीत तिचा भाऊ मला जिन्यात भेटला. डोळे तांबारलेले, शर्टाची बाही अजून ओली.

"बाई," तो म्हणाला, "चौदा हंडे भरल्यावर काल वाचलेले काही म्हणजे काही आठवत नाही हो."