वेगळ्या ॲम्प्लिफायरवाचून हेडफोन

उटनूरसारख्या गावी पार्सलने हेडफोन मागविताना तो आधी ऐकून पाहता येत नाही. वर वेगळा ॲम्प्लिफायरही घ्यावा काय, अशी शंका घराघरांत निघते. आमच्या मते तो खर्च बहुधा अनाठायी होय.

जगदीशचंद्र बोस यांनी १९०४ साली ज्या स्फटिक-शोधकाचे अमेरिकन पेटंट मिळविले, त्या जातीच्या जुन्या रेडिओस ना बॅटरी लागे, ना ॲम्प्लिफायर. एरियलने टिपलेल्या इवल्याशा शक्तीवर हेडफोन बोले. कारण तो त्या यंत्राशी जुळणारा आणि अतिशय संवेदनक्षम असे. आजही पाहावयाचे ते हेच. खोक्यावर विद्युतरोध १६ ते ३२ ओहम आणि संवेदनक्षमता दर मिलिवॅटला १०० डेसिबलच्या आसपास लिहिलेली असल्यास मोबाईल तो सहज चालवितो. ३०० ओहमचा मात्र फोनवर क्षीणच वाजावयाचा.

खर्जाचे स्वर हरवतात ते पुष्कळदा कानावरच्या गाद्या नीट न टेकल्यामुळे. चष्म्याची काडीदेखील पुरते! ही उणीव आवाज चढवून भरून काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकता येतो. ९० डेसिबलचा अवघे ४ तास.