कुंपणाआडची सेवा

परमुलखात जाऊन लोकसेवा करणाऱ्या माणसाचे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. घनदाट अरण्य, झोपडीवजा इस्पितळ, दाराशी रुग्णांची रांग, आणि रात्रंदिवस राबणारा एकच त्यागी पुरुष. गाबोनमधील लांबारेने येथे १९१३ साली इस्पितळ काढणाऱ्या डॉ. आल्बर्ट श्वाइट्झर यांच्यामुळे हे चित्र जगभर रूढ झाले. आजच्या मदतकार्यकर्त्याचा दिनक्रम पाहिला, म्हणजे ते पुष्कळच बदलावे लागते.

उदाहरणादाखल मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक घेऊ. १९६० साली फ्रेंच सत्तेतून मुक्त झालेला हा देश महाराष्ट्राच्या दुपटीहून किंचित मोठा आहे. मार्च २०१३ मध्ये 'सेलेका' बंडखोरांनी राजधानी बांगी काबीज केली. त्यांच्याविरुद्ध 'अँटी-बालाका' टोळ्या उठल्या, आणि लाखो लोक बेघर झाले.

अशा देशात परदेशी डॉक्टर, परिचारिका वा पाणीपुरवठ्याचा अभियंता येतो तो बहुधा काही महिन्यांच्या कराराने. राहणे सहकाऱ्यांसमवेत एकाच आवारात. भोवती उंच भिंत, फाटकाशी पहारेकरी, वीज जनित्राची. हिवताप येथे बारमाही, म्हणून रात्री मच्छरदाणी आणि प्रतिबंधक गोळी. बंदुकीवर फुली मारलेले चित्र लावलेल्या मोटारीतूनच बाहेर पडायचे, निघताना व पोहोचताना बिनतारी यंत्रावर वर्दी द्यायची, आणि ठरल्या वेळेच्या आत परतायचे. पावसाळ्यात तांबड्या मातीच्या रस्त्यांचा चिखल होतो. मग दूरच्या गावी लहान विमानानेच जाता येते. जेवणात कसाव्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा आणि त्याच झाडाच्या पानांची भाजी. आपला साबुदाणा होतो तो याच कंदापासून! बाजारात सहज पायी फेरफटका मारणे मात्र पुष्कळदा वर्ज्य.

हा भित्रेपणा म्हणावा काय? नाही. एकाचे अपहरण झाले, तर सबंध इस्पितळ बंद पडण्याची भीती असते. पण या सुरक्षिततेची किंमतही आहे. ज्यांच्यासाठी आपण आलो, त्यांचे घर, चूल, भय यांपैकी फारच थोडे भिंतीच्या आतून दिसते.

ती उणीव भरून काढतात ते स्थानिक सहकारी. मदतसंस्थांतील बहुसंख्य नोकर त्याच देशाचे असतात. रुग्णाचे म्हणणे सांगो भाषेतून समजून घेणारी परिचारिका, कोणता रस्ता आज धोक्याचा हे ओळखणारा मोटारचालक, हीच माणसे काम चालवतात. संध्याकाळी ती आपापल्या वस्तीत परततात, आणि तेथे उंच भिंत नसते. २६ एप्रिल २०१४ रोजी बोगिला येथील इस्पितळावर सशस्त्र टोळीने हल्ला केला, तेव्हा आवारात गावोगावच्या प्रमुखांची बैठक चालू होती. सोळा नागरिक ठार झाले. त्यांत 'मेदसां सां फ्रोंतिएर' या वैद्यकीय संस्थेचे तीन कर्मचारी होते, आणि ते तिघेही त्याच देशाचे होते.

तात्पर्य, परदेशी पाहुण्याची विद्या आणि औषधे अमोल आहेत, यात शंका नाही. परंतु करार संपला की तो विमानात बसतो. ज्यांचा करार त्या मातीशीच आहे, ते मागे राहतात. सांगो भाषेत आभार मानायला 'सिंगिला' म्हणतात. पाहुण्याने तो शब्द पहिल्याच दिवशी शिकावा, आणि रुग्णाकडून ऐकण्यापूर्वी आपल्या सहकाऱ्याला म्हणावा.