अनुभव नाही, तरी सायबर सिक्युरिटीत पहिली नोकरी कशी मिळवायची?



"दादा, बीएस्सी आयटीला आहे. सायबर सिक्युरिटीत जायचंय. पण फ्रेशरच्या जागेलासुद्धा एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो आणायचा कुठून?" असा मेसेज मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी मुलं-मुली बहुतेक आपल्या रत्नागिरीचीच असतात. कुणी गोगटे जोगळेकर कॉलेजचं, कुणी फिनोलेक्स अकॅडमीचं, कुणी शासकीय तंत्रनिकेतनचं.

मी याच क्षेत्रात काम करतो आणि ज्युनियर जागांच्या इंटरव्ह्यूलाही बसतो. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. अनुभव म्हणजे फक्त पगारी नोकरी नव्हे. तुम्ही स्वतः केलेलं, समजून घेतलेलं आणि दुसऱ्याला दाखवता येणारं काम हासुद्धा अनुभवच. तो घरी बसून तयार करता येतो. कसा, ते बघू.

पहिल्या नोकरीत नक्की काय करायचं असतं?

सिनेमातला हुडी घातलेला हॅकर डोक्यातून काढून टाका. नवीन मुलांना बहुतेक वेळा मिळते ती एसओसी ॲनालिस्टची, लेव्हल वनची जागा. एसओसी म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर. कंपनीतले कॉम्प्युटर, सर्व्हर, ईमेल यांच्या नोंदी, म्हणजे लॉग, एका ठिकाणी जमा होतात. काही विचित्र दिसलं की सॉफ्टवेअर अलर्ट देतं. तो अलर्ट खरा की खोटा हे आधी तुम्ही ठरवायचं.

एक उदाहरण घ्या. एका कर्मचाऱ्याने सकाळी १०.०५ला रत्नागिरीतून लॉगिन केलं. १०.२०ला त्याच नावाने दुसऱ्या देशातून लॉगिन झालं. माणूस पंधरा मिनिटांत तिकडे पोचणार नाही. मग पासवर्ड चोरीला गेला का? की त्याने व्हीपीएन लावलाय? जुन्या नोंदी बघायच्या, गरज पडली तर त्याला फोन करायचा, काय सापडलं ते चार ओळींत लिहायचं आणि शंका असेल तर सिनियरकडे पाठवायचं. दिवसाला असे कितीतरी अलर्ट येतात आणि त्यातले बरेचसे फुसके निघतात. रात्रपाळी असते, कंटाळाही येतो. पण हल्ला वेळेत लक्षात आला नाही तर काय होतं, ते पुण्यात दिसलं.

कॉसमॉस बँकेत काय झालं होतं?

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या एटीएम स्विचकडे जाते. स्विच मुख्य यंत्रणेला विचारतो, "खात्यात पैसे आहेत का?" आणि उत्तर आलं की नोटा बाहेर येतात. चोरांनी मालवेअर वापरून मध्येच आपली खोटी व्यवस्था बसवली. प्रश्न मुख्य यंत्रणेपर्यंत पोचायचाच नाही आणि 'हो, द्या' असं उत्तर परस्पर जायचं. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन केलेल्या कार्डांनी पैसे निघाले. भारतातही निघाले, आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही निघाले. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना शिक्षा सुनावली.

आता विचार करा. एटीएमकडून 'पैसे दिले' अशा नोंदी ढिगाने येताहेत आणि मुख्य यंत्रणेत त्याच व्यवहारांचा पत्ताच नाही. या दोन याद्या शेजारी ठेवून बघणारं आणि "हे जुळत नाही" असं वेळेत बोलणारं माणूस लागतं. हेच ते काम.

पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने नियम काढला. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे. म्हणजे ते लॉग वाचणारी माणसं लागणारच.

हॅकिंगच्या आधी काय शिकायचं?

कैलाश काटकर हे नाव ऐकलंय? सातारा जिल्ह्यातलं कुटुंब, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, नंतर स्वतःचा दुरुस्तीचा व्यवसाय काढला. १९९०च्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडायला लागले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने ते व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून क्विक हील अँटीव्हायरस उभं राहिलं. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली.

तेव्हाचा काळ वेगळा होता, दहावीवर आज कुणी एसओसीत घेईलच असं नाही. पण त्यातली मुख्य गोष्ट आजही तशीच आहे. वस्तू नीट चालते कशी हे ज्याला माहीत असतं, त्यालाच ती कुठे बिघडलीय ते कळतं. म्हणून क्रम असा ठेवा:

१. नेटवर्क: आयपी ॲड्रेस, डीएनएस, पोर्ट, राउटर. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान उघडेपर्यंत काय-काय होतं, हे आईला समजेल अशा भाषेत सांगता आलं पाहिजे.

२. लिनक्स आणि विंडोज: फाइल्स, परवानग्या, यूजर आणि लॉग कुठे सापडतात.

३. हल्ल्यांचे नेहमीचे प्रकार: फिशिंग, मालवेअर, चोरलेले पासवर्ड, रॅन्समवेअर.

४. थोडं पायथन. मोठी फाइल वाचून त्यातल्या हव्या त्या ओळी बाजूला काढता आल्या तरी सुरुवातीला पुष्कळ.

फक्त फोन असेल तर?

सुरुवात होते. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीचा सायबर सिक्युरिटीचा ओळख-कोर्स मोफत आहे आणि फोनवर वाचता येतो. एफ-ड्रॉइडवरून टर्मक्स हे ॲप घ्या, म्हणजे फोनमध्येच लिनक्ससारखी कमांड लाइन मिळते. त्यातून 'ओव्हर द वायर' या साइटवरचा 'बँडिट' हा खेळ खेळा. पहिल्या पायरीचा पासवर्ड साइटवरच दिलेला असतो. आत शिरायचं, पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा, मग पुढे. पायऱ्या तीसच्या वर आहेत. पहिल्या दहा-बारा झाल्या की लिनक्सची भीती जाते. सापडलेली उत्तरं मात्र जगजाहीर करू नका, दुसऱ्याचा खेळ बिघडतो.

खरं सांगायचं तर दोन-तीन महिन्यांनंतर कॉम्प्युटर लागतोच. नवा घ्यायची घाई नको. कॉलेजची लॅब किंवा भावाचा जुना लॅपटॉप चालेल. मग ट्राय हॅक मी, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, पिकोसीटीएफ यांवर सराव करा. मोफत भागच इतका आहे की सहा महिने पुरेल.

अनुभव तयार करणारी तीन कामं

पहिलं: फसव्या मेसेजची चिरफाड. 'आज रात्री वीज तोडली जाईल', 'तुमचं ई-चलन भरा' आणि सोबत एपीके फाइल. असे मेसेज घरच्या ग्रुपवर येतातच. फाइल उघडायची नाही, लिंक दाबायची नाही. स्क्रीनशॉट घ्या. पाठवणारा कोण दाखवतोय, लिंकचं खरं डोमेन कोणतं, भीती कशाची घातलीय, खरं खातं असा मेसेज कसा पाठवतं, हे लिहून काढा. लिंक व्हायरस टोटलवर तपासा. एक मेसेज, एक पान. नंबर आणि नावं झाकायला विसरू नका. अशी दहा पानं झाली की फिशिंगवरच्या प्रश्नाला तुम्ही पाठांतर सांगणार नाही, स्वतः पाहिलेलं सांगाल.

दुसरं: स्वतःच्या कॉम्प्युटरचे लॉग. मुद्दाम पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाका, सहाव्यांदा बरोबर. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग उघडा. यशस्वी लॉगिनचा क्रमांक ४६२४, फसलेल्याचा ४६२५. फसलेल्या लॉगिनची नोंद काही कॉम्प्युटरवर आधी सुरू करावी लागते. आता लिहा: किती वाजता काय झालं, हा विसराळू मालक की पासवर्ड ओळखू पाहणारा चोर, आणि ते तुम्ही कशावरून ठरवलंत. एसओसीचं रोजचं काम याच जातीचं असतं.

तिसरं: आपल्या गावातलं खरं काम. आंब्याच्या सीझनमध्ये कितीतरी बागायतदार फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर हापूस विकतात. "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा भामटा त्यांनाच गाठतो. स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत कधीच नाहीत. अशा एखाद्या ओळखीच्या काकांना विचारून, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या खात्यांना टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून द्या. पासवर्ड त्यांनाच टाकू द्या. सोबत मराठीत एक पानी सूचना द्या, त्यात हेल्पलाइन १९३० मोठ्या अक्षरात. आधी काय होतं, काय बदललं, का बदललं, याची नोंद ठेवा.

मी इंटरव्ह्यूला बसतो तेव्हा 'मला हॅकिंगची आवड आहे' या ओळीवरून नजर तशीच पुढे सरकते. 'दोन आंबा विक्रेत्यांची खाती सुरक्षित करून दिली' इथे मात्र मी थांबतो आणि विचारतो, "सांग बघू, काय केलंस?"

ही रेष ओलांडू नका

शेजाऱ्याचं वायफाय, कॉलेजची वेबसाइट, मैत्रिणीचं इन्स्टाग्राम. 'फक्त बघत होतो' म्हणून यातलं काहीही उघडायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलात तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या क्षेत्रात लोक तुमच्या हाती किल्ल्या देतात. विश्वास एकदा गेला की कौशल्य कितीही असो, उपयोग नाही.

कोर्स, सर्टिफिकेट आणि सापळे

'१०० टक्के जॉब गॅरंटी' म्हणून लाखभर रुपये फी मागणाऱ्यांपासून सावध राहा. आईबाबांनी कर्ज काढण्याआधी दोनच प्रश्न विचारा: गॅरंटी करारात लिहून देता का? आणि मागच्या बॅचमधल्या पाच मुलांशी बोलायला देता का? उत्तर गोल-गोल आलं तर उठून या.

पदवीनंतर पुढे शिकायचं असेल तर सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचा पीजी डिप्लोमा बघा, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते. कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस हे सर्टिफिकेट चांगलं आहे, पण परीक्षेची फी महाग आहे. आधी मोफत शिकून पाया पक्का करा.

नोकरीच्या नावाखाली रजिस्ट्रेशन फी मागितली तर ती नोकरी नाही. आणि 'थायलंडला डेटा एंट्री, विमानाचं तिकीट आमचं' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. अशा आमिषाने नेलेल्या तरुणांना म्यानमारच्या सीमेवर कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करून घेतली जाते. मार्च २०२५ मध्ये सरकारने अशा पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं.

अर्ज कुठे करायचा?

रत्नागिरीत थेट सायबर सिक्युरिटीच्या जागा कमी आहेत. पहिली नोकरी बहुतेकांना पुणे, मुंबई, नवी मुंबई किंवा बेंगळुरूला मिळते. शोधताना 'एसओसी ॲनालिस्ट', 'सिक्युरिटी ट्रेनी', 'आयटी सपोर्ट', 'नेटवर्क सपोर्ट' असे सगळे शब्द टाका.

लगेच बाहेर जाणं जमणार नसेल तर बाजूचा दरवाजा आहे. पतसंस्था, हॉस्पिटल, हॉटेल, एमआयडीसीतली कंपनी, नाहीतर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तिथे नेटवर्क जोडणं, बॅकअप घेणं, यूजरचे पासवर्ड सांभाळणं अशी कामं मिळतात. वर्षभर हे नीट केलंत आणि लिहून ठेवलंत तर सिक्युरिटीच्या इंटरव्ह्यूत तुम्ही कोरे नसता.

जाहिरातीत 'एक वर्ष अनुभव' लिहिलंय म्हणून थांबू नका. निम्म्याहून जास्त गोष्टी येत असतील तर अर्ज टाका. बायोडेटा एक पानाचा, त्यात वरची तीन कामं आणि त्यांची लिंक.

इंटरव्ह्यूत काय बघतात?

डीएनएस म्हणजे काय, ४४३ पोर्ट कशासाठी, संशयास्पद ईमेल आला तर पहिलं काय कराल, असे साधे प्रश्न असतात. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा आणि पुढे जोडा, "पण मी असं शोधीन." न येणारं ठोकून देणाऱ्याची आम्हाला धास्ती वाटते, कारण तो उद्या अलर्टही असाच ठोकून बंद करेल. मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजीचं दडपण घेऊ नये. पण रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, म्हणून वरची नोंदींची पानं आधी मराठीत आणि मग साध्या इंग्रजीत लिहायची सवय लावा.

रोज दीड तास धरला तर साधारण वेळापत्रक असं: पहिले दोन महिने नेटवर्क आणि लिनक्स, तिसऱ्यात लॉग, चौथ्या-पाचव्यात लॅबचा सराव आणि तीन कामं, सहाव्यापासून अर्ज. पहिल्या वीस अर्जांना उत्तरच आलं नाही तरी तयारी थांबवू नका.

आज रात्री एवढंच करा: घरच्या ग्रुपवर आलेला शेवटचा संशयास्पद मेसेज शोधा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यावर पहिलं पान लिहा. तारीख टाकायला विसरू नका. तुमचा अनुभव त्या तारखेपासून मोजायचा.