ओझे किती आणि हातात किती

दैनंदिन जीवनातील ताणाविषयी बोलताना कामाचे तास, प्रवासाचे अंतर, कर्जाचे हप्ते, मुलांच्या परीक्षा अशी ओझ्यांची यादी प्रथम पुढे येते आणि ओझे उतरले की ताणही उतरेल असे गृहीत धरले जाते. गेल्या सुमारे पन्नास वर्षांतील संशोधन मात्र ओझ्याच्या वजनाबरोबरच आणखी दोन गोष्टींकडे लक्ष वेधते: त्या ओझ्यावर माणसाचे स्वतःचे नियंत्रण किती आहे, आणि पुढे काय होणार याचा अंदाज त्याला कितपत बांधता येतो.

हे समजण्यासाठी ताण म्हणजे शरीरात नेमके काय घडते हे आधी पाहिले पाहिजे. हार्वर्डमधील शरीरक्रियातज्ज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती आणि राग यांच्या वेळी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते याचे वर्णन केले, तर माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेली यांनी 1936 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात असे मांडले की इजा थंडीने होवो, जखमेने होवो वा विषाने, शरीराच्या प्रतिसादाचा काही भाग सारखाच असतो. आज हे चित्र अधिक स्पष्ट झाले आहे. धोक्याची चाहूल लागताच मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूंमार्फत मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत काही सेकंदांत पोहोचतो आणि त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात. त्यामुळे नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायूंकडे रक्त धावते. दुसरा मार्ग संथ असतो, त्यात मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पीयूषिका ग्रंथीला आणि ती पुन्हा अधिवृक्क ग्रंथींना संप्रेरकांद्वारे आज्ञा देते व काही मिनिटांत रक्तातील कॉर्टिसॉल वाढू लागते, जे रक्तात साखर उपलब्ध करून देते. पचनासारखी तातडीची नसलेली कामे या काळात मागे पडतात. ही व्यवस्था मुळात हितकारकच आहे आणि संकट ओसरल्यावर ती मिटली तर काहीही बिघडत नाही. अपाय होतो तो ती दिवसेंदिवस चालू राहिल्याने, आणि अशा साचत गेलेल्या झिजेचा संबंध रक्तदाब, हृदयविकार, निद्रानाश व नैराश्य यांच्याशी आढळतो.

ही यंत्रणा केवळ ओझे मोजून चालत नाही, हे दाखवणारा एक बोलका अभ्यास स्वीडनमधील आहे. उल्फ लुंडबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात स्टॉकहोमला रोज सकाळी उपनगरी गाडीने कामाला जाणाऱ्या पुरुषांच्या लघवीतील अ‍ॅड्रेनलिन तपासले. काही प्रवासी गाडी सुटते त्या पहिल्या स्थानकावर चढत आणि त्यांचा प्रवास सुमारे सव्वा तासाचा असे. काही जण वाटेतल्या स्थानकावर चढत आणि पाऊण तासाच्या आत शहरात पोहोचत. दूरच्या प्रवाशांवर अधिक ताण असणार ही सामान्य अपेक्षा, पण आढळले उलटे. पहिल्या स्थानकावर चढणाऱ्यांना रिकाम्या डब्यात हवी ती जागा निवडता येई, सामान ठेवता येई, ओळखीच्या माणसाशेजारी बसता येई. वाटेत चढणाऱ्यांच्या वाट्याला उरलेली जागा येई. लांबच्या प्रवासात संप्रेरक कमी आणि जवळच्या प्रवासात अधिक, याची संशोधकांनी लावलेली संगती हीच होती.

मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्या वाचकाला या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही, कारण रेल्वेच्याच भाषेत जिला अतिघन गर्दी म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी, त्या गर्दीत अनेक वर्षे प्रवास करणाऱ्यांनी हे तत्त्व प्रयोगशाळेशिवायच शोधून काढले आहे. डोंबिवलीहून मुंबईला जायचे असताना आधी उलट दिशेने कल्याणला जाऊन त्याच गाडीने बसून परतणारे, किंवा नालासोपाऱ्याहून विरारला ‘डाऊन’ जाऊन ‘रिटर्न’ येणारे प्रवासी आपला प्रवास जाणूनबुजून लांबवतात, कारण त्यांना वेळेपेक्षा जागेची निश्चिती मोलाची वाटते. याच कारणाने विरारच्या प्रवाशांशी त्यांचे खटकेही उडतात, कारण एकाने मिळवलेली निश्चिती ही दुसऱ्याच्या हातून गेलेली असते. महिलांच्या डब्यात उभी असलेली बाई बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ असे विचारून तिची जागा आपल्यासाठी सांगून ठेवते. तिला मुलुंड वा घाटकोपरपर्यंत उभेच राहायचे असते, पाय तेवढेच दुखणार असतात, परंतु किती वेळ उभे राहायचे हे आता तिला ठाऊक असते. तीन माणसांच्या बाकावर मिळणारी चौथी सीट, रोजच्या ग्रुपमधील बसलेल्याने अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेल्याला बसू देण्याची रीत आणि फलाटावरील इंडिकेटर यांचेही काम काही अंशी हेच आहे. इंडिकेटरमुळे गाडी लवकर येत नाही, फक्त ती कधी येणार हे कळते, आणि तो बंद पडला की फलाटावरची चुळबुळ कशी वाढते हे कोणत्याही स्थानकावर पाहता येते.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट गोंगाटाच्या बाबतीत प्रयोगाने दाखवली. त्यांनी काही व्यक्तींना अनियमित अंतराने कर्कश आवाज ऐकवला. त्यांतील एका गटाजवळ आवाज थांबवण्याचे बटण होते, मात्र शक्यतो ते दाबू नये असे सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही, म्हणजे दोन्ही गटांनी सारखाच गोंगाट सोसला. तरीही नंतर दिलेल्या कोड्यांवर बटण असलेला गट अधिक चिकाटीने टिकून राहिला आणि मुद्रितशोधनात त्याच्या चुका कमी झाल्या. न वापरलेला अधिकारसुद्धा माणसाची शक्ती राखून ठेवतो, हे यातून कळते.

कामाच्या ठिकाणी याचा परिणाम किती खोल जातो हे ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांनी दाखवले. 1967 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील निरोपे व द्वारपाल यांचे मृत्यूचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळले, आणि धूम्रपान, रक्तदाब इत्यादींमुळे त्या तफावतीचा काही भागच उलगडत होता. 1985 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात 10,308 स्त्री-पुरुषांचा समावेश होता; मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात असे दिसले की आपले काम कोणत्या क्रमाने आणि कोणत्या गतीने करायचे हे ठरवण्याची मोकळीक ज्यांना कमी होती त्यांच्यात हृदयविकाराचा धोका अधिक होता. ताण हा साहेबांचा आजार आहे, ही समजूत या निष्कर्षापुढे टिकत नाही. ज्या आस्थापना ताणमुक्तीची एकदिवसीय कार्यशाळा भरवतात आणि उद्याची पाळी आदल्या रात्री मोबाइलवर कळवतात, त्यांनी प्रथम पाळ्यांचे वेळापत्रक पंधरा दिवस आधी लावावे. त्याला खर्च फार नाही आणि उपयोग कार्यशाळेपेक्षा अधिक आहे.

व्यक्तीने स्वतः काय करावे, या प्रश्नासाठी रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी 1984 मध्ये केलेली विभागणी आजही उपयोगी पडते. मूळ प्रश्न बदलण्याचा प्रयत्न हा एक मार्ग आणि प्रश्नामुळे उठलेल्या भावना सावरणे हा दुसरा; पहिला बदलता येण्याजोग्या गोष्टींसाठी, दुसरा न बदलणाऱ्या गोष्टींसाठी. बहुतेक घरगुती प्रश्नांत हे दोन्ही अंश एकमेकांत मिसळलेले असतात आणि खरे कौशल्य ते वेगळे करण्यात असते. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाईंची सेवा करणाऱ्या सुनेचे उदाहरण घेतले तर आजार पुढे सरकणारच आहे, त्याविषयीचे दुःख कोणाजवळ तरी बोलले गेलेच पाहिजे. पण रात्री कोणी जागायचे, रविवारची दुपार कोणाच्या वाट्याची, औषधे कोणी आणायची हे मुलगा, नणंद, दीर यांनी एकत्र बसून ठरवता येते. प्रत्यक्षात बहुधा उलट घडते, म्हणजे न बदलणाऱ्या आजारावर एकापाठोपाठ एक उपाय शोधले जातात आणि सहज बदलता येण्याजोगी कामाची वाटणी मात्र तशीच राहते. आठवड्यातील तीन तास निश्चितपणे आपले आहेत हे त्या सुनेला सोमवारीच ठाऊक असणे, हे अचानक मिळालेल्या एखाद्या सुट्टीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

शरीर शांत करण्याच्या मार्गांत श्वासाला विशेष स्थान आहे, कारण हृदयाच्या गतीवर आणि पचनावर मनाचा थेट हुकूम चालत नाही, श्वासावर मात्र चालतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद आणि सोडताना मंद होतात, म्हणून सावकाश व लांब उच्छ्वासाने वेगस या विश्रांतीच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून आणि ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढून योगक्रियांची उपकरणांच्या साहाय्याने तपासणी सुरू केली, तेव्हा ही दिशा जगात नवी होती. पुढे 2001 मध्ये इटलीतील संशोधकांना असे आढळले की ख्रिस्ती जपमाळ लॅटिनमध्ये म्हणताना आणि तिबेटी बौद्धांचा ‘ओम मणि पद्मे हूम’ हा मंत्र म्हणताना श्वसनाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते, जी सर्वसाधारण गतीच्या जवळजवळ निम्मी आहे. लोकलच्या डब्यात टाळांच्या साथीने भजने म्हणणाऱ्या मंडळींनाही लांब ओळ एका दमात म्हणण्याचा असाच लाभ होत असावा, आणि सोबतीचा लाभ तर होतोच. श्वासाने हप्ता फिटत नाही हे खरे, पण हप्त्याचा विचार करण्याइतके डोके त्याने ताळ्यावर येते. पुरेशी झोप आणि रोजचे चालणे यांचे महत्त्व इतके परिचित आहे की त्यांचा उल्लेख पुरे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर ते रोजच्या ताणापलीकडचे लक्षण समजून डॉक्टरांना दाखवावे. जगणे नकोसे झाल्याचा विचार आला तर दोन आठवडे थांबूही नये. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.