फितीवर उरलेला फाल्स्टाफ

इटालियन ऑपेराकार वेर्दीने जन्मभर रंगमंचावर माणसे मारली. विष, खंजीर, क्षय, जिवंत गाडणे, काही म्हणून बाकी ठेवले नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावर मात्र या म्हाताऱ्याने शेक्सपिअरचा ढेरपोट्या सरदार उचलला आणि ९ फेब्रुवारी १८९३ रोजी मिलानच्या ला स्कालात ‘फाल्स्टाफ’ हा विनोदी ऑपेरा उभा केला. एकाच मजकुराची प्रेमपत्रे दोन बायकांना धाडणारा आणि धुण्याच्या टोपलीतून थेट थेम्समध्ये पडणारा हा सर जॉन फाल्स्टाफ लोकांनी वाखाणला, पण डोक्यावर घेतला नाही. गुणगुणत घरी न्यावी अशी चाल त्यात हाती लागतच नाही. लागली म्हणेपर्यंत निसटते.

पहिला फाल्स्टाफ विक्तोर मोरेल. या ऑपेरातले जेमतेम अर्ध्या मिनिटाचे गाणे त्याने १९०७ मध्ये ध्वनिमुद्रित केले, तेव्हा चार डोकी जमवून त्यांच्याकडून ‘वन्स मोअर’ वसूल केला आणि तेच गाणे तीनदा गायला, तिसऱ्यांदा फ्रेंचमध्ये. भरल्या नाट्यगृहाचा तो गमतीदार बनाव. खरे भरलेले नाट्यगृह ऐकायला १९३७ उजाडावे लागले.

मधल्या काळात हा ऑपेरा लोकांच्या गळी उतरवण्याचे काम अंगावर घेतले ते वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनीने. १९२१ च्या डिसेंबरात ला स्काला पुन्हा उघडले तेही त्याने ‘फाल्स्टाफ’नेच, नायक मारिआनो स्ताबिले. १९३१ मध्ये फॅसिस्टांचे गीत वाजवायला नकार दिला म्हणून बोलोन्यात त्याने मार खाल्ला. १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवाला पाठ फिरवली. उरले ऑस्ट्रियातले साल्झबर्ग. तिथल्या महोत्सवात १९३५ पासून तीन उन्हाळे त्याने ‘फाल्स्टाफ’ केला, स्ताबिलेलाच घेऊन, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह.

त्यातला १९३७ चा प्रयोग टिकला तो सेलेनोफोन या ऑस्ट्रियन यंत्रामुळे. बोलपटाच्या फितीवर आवाजाची रेघ उमटते, तसाच हा प्रकार. त्या काळच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपे. इथे संगीत न तोडता सलग घेता आले. आवाज मात्र धुरकट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या अंकात बायका एका ठेक्यात आणि पुरुष दुसऱ्याच ठेक्यात एकाच वेळी कारस्थाने शिजवतात, तिथे शब्दांची खिचडी होते.

पण तिसरा अंक ऐका. नदीतून निथळत आलेला फाल्स्टाफ जगाच्या नावाने बोटे मोडत बसला आहे. गरम वाइनचा घोट पोटात उतरतो, आणि दारूची झिंग म्हणून बासरीवर एक कंप सुरू होतो. मग तो व्हायोलिनांना लागतो, मग पितळी वाद्यांना, आणि बघता बघता अख्खा वाद्यवृंद थरथरू लागतो. ती थरथर धुरकट फितीतूनही पोचते. स्ताबिले इथे आवाज दाखवायला जात नाही. तो नुसता सुखावतो.

१९३८ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियाच्या चॅन्सेलरला हिटलरने साल्झबर्गलगतच्या बेर्ख्टेसगाडेनला बोलावून दम दिला. चार दिवसांत तोस्कानिनीची, महोत्सवाला येत नाही अशी तार साल्झबर्गला पोचली. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया देशच गिळला. त्याच वर्षी व्हिएन्ना फिलहार्मोनिकमधल्या ज्यू वादकांना घालवून दिले गेले. त्यांतले काही छळछावण्यांत मेले. ऑगस्टमध्ये तोस्कानिनी स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्नजवळ, वाग्नरच्या जुन्या घराच्या अंगणात वाद्यवृंद चालवत होता. साल्झबर्गच्या महोत्सवात तो पुन्हा कधीच उभा राहिला नाही.

१९५० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्याने न्यूयॉर्कला एनबीसी रेडिओसाठी ‘फाल्स्टाफ’ पुन्हा केला. नायक जुझेप्पे व्हाल्देंगो. ते मुद्रण स्वच्छ आहे, स्वर न् स्वर मोजून घ्यावा इतके. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तेच घ्यावे. कथा आणि माणसे ओळखीची झाली की मग १९३७ कडे या, आणि सुरुवात तिसऱ्या अंकातल्या त्या वाइनच्या पेल्यापासून करा.