छप्पर मिळाले, सावली कधी मिळणार?

घर म्हणजे चार भिंती आणि वर छप्पर, एवढीच घराची व्याख्या शासन दरबारी आहे. त्या छपराखाली मे महिन्याच्या दुपारी माणूस बसू शकतो की नाही, लेकरू झोपू शकते की नाही, हा प्रश्न कोणत्याही सर्वेक्षणात विचारला जात नाही. जनगणनेच्या व्याख्येत लोखंडी पत्रा आणि सिमेंटचा पत्रा ही पक्क्या छपराची सामग्री समजली जाते. म्हणजे विटांच्या भिंती घालून वर पत्रे टाकले की ते घर कागदावर पक्के झाले. आत राहणारा माणूस भाजून निघत असला तरी शासनाच्या लेखी त्याचा घराचा प्रश्न सुटलेला असतो!

आपल्या वस्त्यांकडे नजर टाका. गावकुसाबाहेरची वस्ती असो की शहरातल्या नाल्याकाठची, रेल्वेरुळाच्या कडेची झोपडपट्टी असो, बहुतेक घरांवर पत्राच दिसतो. विदर्भात पूर्वी कवेलू होते, इतरत्र कौले होती. कवेलूंच्या फटीतून हवा खेळत असे आणि मातीचे कवेलू पत्र्याइतके तापत नसे. पण कवेलू दरवर्षी फेरावे लागतात, माकडे ते फोडतात, फाटे-बल्ल्या महाग झाल्या. म्हणून लोकांनी पत्रा घेतला. त्यात लोकांची चूक नाही. पत्रा स्वस्त पडतो, एका दिवसात बसतो, पावसाला दाद देत नाही. परंतु पावसापासून वाचवणारा हा पत्रा उन्हापासून वाचवत नाही, उलट ऊन घरात आणतो.

यामागचे विज्ञान साधे आहे. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा भिंतींवर ऊन कमी आणि छपरावर सर्वाधिक पडते. लोखंडी पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. गंजलेला, काळवंडलेला पत्रा ऊन शोषून घेतो, साठ अंशांच्या वर तापतो आणि तीच उष्णता तव्यासारखी खाली फेकतो. वर साचलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट नसते. खोलीतली हवाच शरीरापेक्षा जास्त तापली की पंखा ती गरम हवा अंगावर मारत राहतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हे तापमान वेधशाळेच्या सावलीतले असते. पत्र्याखालच्या खोलीचा पारा वेधशाळा मोजत नाही.

शहरातल्या वस्त्यांत या पत्र्याखाली आणखी एक जागा असते, ती म्हणजे पोटमाळा. दहा बाय बाराच्या खोलीत कुटुंब मावत नाही म्हणून वर फळ्या टाकून माळा काढलेला असतो. तो पत्र्याला सर्वांत जवळ, म्हणून घरातली सर्वांत तापलेली जागा तीच. आणि या माळ्यावर कोण असते? रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा तिथे झोपतो. दहावी-बारावीची मुलगी तिथे पुस्तक घेऊन बसते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण तिथेच नोट्स काढतो. शिका म्हणून आपण सांगतो, पण शिकायची जागा भट्टी झाली असेल तर त्या मुलांनी काय करावे? वातानुकूलित अभ्यासिकेतल्या मुलाशी त्यांची स्पर्धा समान पातळीवरची आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

घरातल्या हवा-उजेडाचा हा प्रश्न आजचा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांकडे इंग्रज सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले ते ग्रंथांना आणि अभ्यासाला पुरेशी जागा मिळावी म्हणून. अभ्यासाला जागा लागते, हवा लागते, उजेड लागतो, हे ज्या समाजाने आपल्या उद्धारकर्त्याच्या आयुष्यात पाहिले, त्या समाजाने तरी घराचा हा भाग दुय्यम मानू नये.

उष्णता माणसे मारते, ही अतिशयोक्ती नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाल्याचे संशोधकांनी नंतर मोजले. त्याच शहरातल्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. तो विभाग खालच्या मजल्यावर हलवला तेव्हा उष्णतेने आजारी पडणाऱ्या नवजात बालकांचे प्रमाण कमी झाले. डॉक्टर तेच, औषधे तीच, फक्त डोक्यावरचे तापलेले छप्पर दूर झाले! आपल्या वस्तीतल्या बाळंतिणीला मात्र खालचा मजला नसतो. तिच्या डोक्यावर थेट पत्रा असतो.

या अनुभवानंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. महिला हाउसिंग ट्रस्ट या संस्थेने तिथल्या गरीब वस्त्यांतल्या बायकांना हाताशी धरून छपरे पांढरी करण्याचे काम केले. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले आणि पाच वर्षांत ३०० चौरस किलोमीटर छपरांचे उद्दिष्ट ठेवले. विदर्भाला लागून असलेले राज्य हे करू शकते, तर चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव तापवणाऱ्या महाराष्ट्राने मागे का राहावे?

आता खर्चाचे बोलू. कारण उपाय सांगायचा आणि खर्च सांगायचा नाही, हे गरिबाची थट्टा केल्यासारखे होते. खालचे आकडे आजच्या बाजारातले ढोबळ आहेत, गावोगावी फरक पडेल. घरकुलाचे क्षेत्र २६९ चौरस फूट धरले तर पुढे-मागे निघालेला भाग मिळवून छप्पर साधारण ३०० चौरस फुटांचे होते.

पहिला उपाय वारा खेळवण्याचा. गरम हवा वर चढते, म्हणून तिची वाट वरच हवी. आढ्याजवळ समोरासमोरच्या भिंतींत एक-एक जाळी बसवावी आणि खाली दार-खिडकी उघडी ठेवावी. खालून हवा येते, वरून निघून जाते. दोन सिमेंटच्या जाळ्या आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी, हजाराच्या आसपास काम होते. मागची भिंत शेजाऱ्याची असेल तर आढ्याशी पत्रा थोडा उचलून वर टोपीसारखा दुसरा पत्रा बसवता येतो. आत पाऊस येऊ नये एवढी काळजी घ्यावी. चुलीचा धूरही त्याच वाटेने जातो. क्षयरोग कोंदट खोलीत लवकर पसरतो, म्हणून त्या दृष्टीनेही ही जाळी महत्त्वाची. कूलर असेल तरी हवा बाहेर जायला वाट ठेवावीच लागते. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो.

दुसरा उपाय छप्पर पांढरे करण्याचा. पांढरा रंग ऊन परत पाठवतो. स्लॅबवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर चुना, पांढरे सिमेंट आणि थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळून दोन हात दिले तर चौरस फुटाला तीन-चार रुपये, म्हणजे ९०० ते १२०० रुपयांचे सामान लागते. पावसात हा चुना धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चच्या आत पुन्हा द्यावा लागतो. लोखंडी पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही. तिथे गंज घासून, प्रायमर देऊन ऊन परतवणारा पांढरा रंग लावावा. त्याला चौरस फुटाला १० ते २० रुपये, म्हणजे तीन ते सहा हजार लागतात, पण तो काही वर्षे टिकतो. छप्पर पांढरे केल्याने घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडू शकतो. ४५ अंशांच्या दिवसात दोन अंश म्हणजे काय, ते पत्र्याखाली राहणाऱ्याला सांगायला नको.

तिसरा उपाय पत्र्याखाली आडोसा करण्याचा. चकचकीत फॉइल लावलेले पातळ आवरण बाजारात मिळते, चौरस फुटाला साधारण १५ ते ३० रुपये. ते तारांवर ताणून लावावे आणि पत्रा व आवरण यांच्यात चार बोटे मोकळी जागा ठेवावी. पत्र्याला चिकटवून टाकले तर फायदा फारसा उरत नाही. त्या मोकळ्या जागेतली गरम हवा आढ्याच्या जाळीतून निघून गेली पाहिजे. हे काम पाच ते नऊ हजारांत होते. पोटमाळ्यावर अभ्यास करणारे मूल असेल तर निदान तेवढ्या भागापुरते करावे, खर्च हजार-दोन हजारांवर येतो. पीव्हीसी किंवा जिप्समचे छत लावायचे तर १८ हजारांच्या पुढे जावे लागते. ते नंतर पाहता येईल.

काही धोकेही लक्षात ठेवावेत. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक अॅस्बेस्टॉसचे असतात. ते घासू नयेत, कापू नयेत, भोके पाडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो. ओले करून हलक्या हाताने स्वच्छ करावे. अशा पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो मोडतो आणि माणूस खाली येतो. आडवी फळी टाकूनच काम करावे. उघडा थर्माकोल आणि पत्र्यावर टाकलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या यांनी थोडा गारवा मिळतो, पण एका ठिणगीने वस्ती पेटू शकते.

हे सारे आपण करू शकतो. परंतु म्हणून शासनाची जबाबदारी संपते काय? मुळीच नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ केली. छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत घालून दिली आहे. उघड्या पत्र्यातून त्या मर्यादेच्या चार-पाच पट उष्णता आत येते. पण २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींसाठी होती. केंद्राच्या ग्रामीण आवास योजनेचे घर किती? २५ चौरस मीटर. म्हणजे बंगला आणि टॉवर किती तापावा याचा नियम आहे, गरिबाचे घर किती तापावे याचा नियम नाही!

त्या घरासाठी सपाट प्रदेशात केंद्राच्या योजनेत २०१६ पासून १ लाख २० हजार हे मूळ अनुदान आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास घरकुल योजना आहे. एवढ्या रकमेत भिंती उभ्या करता करताच माणूस कर्जबाजारी होतो. वर पैसे उरले तर स्लॅब, नाहीतर पत्रा. स्लॅब पडला तरी प्रश्न उरतोच. पत्रा दिवसा भाजतो आणि रात्री लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री सोडतो. दिवसाच्या पत्र्याची झळ शिवणकाम करणारी, विड्या वळणारी बाई आणि म्हातारी माणसे सोसतात. रात्रीच्या स्लॅबची झळ दिवसभर राबून आलेला मजूर सोसतो.

न्यायालयाने तर घराची व्याख्या कधीच मोठी केली आहे. चमेली सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्याचा विषयच दलितांच्या घरांसाठी जमीन संपादन करण्याचा होता. त्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवाऱ्याचा हक्क म्हणजे केवळ डोक्यावर छप्पर नव्हे. पुरेशी जागा, उजेड आणि शुद्ध हवा हेही त्यात येतात. २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह खटल्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क न्यायालयाने घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या कलमांशी जोडला. ही दोन्ही तत्त्वे एकत्र वाचली तर पत्र्याखालच्या माणसाचा दावा पक्का आहे. दावा करणारा हवा.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. घरकुलाच्या नकाशात आढ्याजवळची जाळी आणि पांढरे छप्पर सक्तीचे करा आणि त्यासाठी वेगळी रक्कम द्या. दलित वस्ती सुधार योजना या नावाने पूर्वी ओळखल्या जाणाऱ्या निधीतून रस्ते, नाल्या, समाजमंदिरे होतात. त्याच निधीतून छपरांचे काम होऊ द्या. अंगणवाडी, शाळा आणि अभ्यासिका यांची छपरे आधी घ्या. पट्टा नाही म्हणून कोणाचे छप्पर वगळू नका, ऊन पट्टा पाहून पडत नाही. आणि हे काम वस्तीतल्याच तरुणांना व महिला बचत गटांना शिकवून त्यांनाच द्या.

निवेदन देऊन उत्तराची वाट पाहत बसण्याचीही गरज नाही. जयंतीसाठी वस्तीवस्तीत वर्गणी जमते. जयंती एप्रिलमध्ये येते, म्हणजे ऐन उन्हाच्या तोंडावर. मंडळांनी त्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढावा. वस्तीतली निराधार म्हातारी, बाळंतीण आणि परीक्षेला बसलेली मुले ज्या घरात आहेत, अशी दहा घरे निवडावीत आणि मार्च संपण्याआत त्यांची छपरे पांढरी करावीत. चुन्याच्या छपराला हजार-बाराशे रुपये, रंगाच्या पत्र्याला चार-पाच हजार. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याशी हा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच ताडून पाहावा. पुढच्या वर्षी तीच यादी, झालेला खर्च आणि घरात पडलेला फरक घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. हातात काम आणि आकडे घेऊन गेलेल्या माणसाला परत पाठवणे कोणत्याही अधिकाऱ्याला सोपे नसते.